ज्याला टिकली नाही त्याला ऊन

टिंग.

एवढाच आवाज झाला आणि मी श्वास धरला. दुपारचे अडीच वाजले होते. माझी हर्षू पंख्याखाली पालथी झोपली होती, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांची, ज्वारीच्या पापडांची, राखण करत होत्या, हे धुळे-सुरत गाडीवर ड्युटीला. घरात दुसरं जागं कुणी नव्हतं. मी कॉम्प्युटर चालू करून, त्याचं पत्र्याचं झाकण काढून, त्याच्या पोटाशी कान लावून बसले होते. एक आवाज यायला पाहिजे होता, आणि तो आला. पण कशातून आला हे मला कळलं नाही.

आमच्या माठाची तोटी गळते. खाली स्टीलचं फुलपात्र ठेवलेलं असतं. ते रिकामं असलं की पहिला थेंब असाच वाजतो. मी उठून फुलपात्र काढलं, त्याजागी फडकं ठेवलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. आता काहीच नाही. नुसता पंखा. म्हणजे मघाचा थेंब होता? की मघाशी हा खरंच बोलला होता आणि आता बोलत नव्हता? मी चार वेळा बंद-चालू केलं. मग हर्षूने कूस बदलली आणि माझी दुपार संपली.

तो कॉम्प्युटर आमचा नव्हता. जामनेरच्या मुलींच्या शाळेचा होता. तिथल्या मुख्याध्यापिका लताबाई म्हणजे माझ्या गणिताच्या बाई. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसने जुना म्हणून काढलेला हा कॉम्प्युटर बाईंनी खटपट करून शाळेत आणला, त्याच्यासाठी कोपऱ्यातली खोली मोकळी करून घेतली, वरून क्रोशाचं कव्हर घातलं, आणि महिन्याभरात त्याची हार्ड डिस्क बिघडली. तेव्हापासून मुली खिडकीतून कव्हर बघायच्या. शाळा समितीतले मोतीलालशेठ म्हणायचे, खोली रिकामीच आहे तर मुलींना वाटायच्या तांदळाची पोती तिथे ठेवू, उंदीर कमी आहेत तिकडे. बाईंनी जूनपर्यंत मुदत मागितली आणि यष्टीने कॉम्प्युटर माझ्याकडे पाठवून दिला. सोबत चिठ्ठी. "प्रमिला, तू इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालीस, आता चूल एके चूल करू नकोस. चौदा जूनला शाळा उघडते. अकरा वाजता समिती बसेल. तोवर हा उठला पाहिजे."

मला वाटलं, नवी डिस्क टाकली की झालं. तसं झालं नाही. नवी डिस्क मोठी होती आणि हा कॉम्प्युटर बनला तेव्हा एवढ्या मोठ्या डिस्का नव्हत्याच. त्यामुळे त्याला ती दिसेचना. कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यात आधी एक छोटी चिप जागी होते. मग ती बाकीच्यांना उठवते. मेमरी, डिस्क, पडदा, एकेकाला हाक मारते. आमच्याकडे आत्याबाई सकाळी उठून जे करतात तेच. तर ती चिपच जुन्या विचारांची होती. तिला मोठी डिस्क कळत नव्हती, आणि तारखेत सन दोन हजार टाकलं की ती एकोणीसशे दाखवायची. त्या चिपमधला प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी बंद पडली होती आणि तिने आत काय लिहिलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवीन कुणाकडे मागायचं?

माझा भाऊ अभिमन पुण्याला शिकतो. त्याला मी पत्रात हे सगळं लिहिलं. त्याचं उत्तर जाड पाकिटातून आलं. दीडशे पानं इंग्रजी छापील मजकूर आणि पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या दोन फ्लॉप्या. तिकडे परदेशात काही लोक आहेत म्हणे, ते एकमेकांना ई-मेल लिहितात की कंपनीची चिप काढून टाकू, आपली आपण लिहू, आणि काय लिहिलं ते सगळ्यांना उघडं ठेवू. चिपमध्ये फक्त थोडं लिहायचं. मेमरी उठव, डिस्कवरून लिनक्स नावाचा मोठा प्रोग्रॅम उचल, त्याच्या हातात कारभार दे आणि बाजूला हो. पुढचं लिनक्स बघेल. त्याला मोठी डिस्कही कळते आणि दोन हजार सालही.

ते मी वाचायला बसले. थोडं कळायचं, मग दोन पानं काहीच नाही. मेमरी उठवण्याआधी मेमरी नाही, म्हणजे त्या चिपने एक आकडादेखील कुठे लक्षात ठेवायचा नाही, आणि तरी काम करायचं. हे मी किती वेळा वाचलं असेल. कणीक मळता मळता मनात म्हणायचे, लक्षात ठेवायला जागा नाही, तर आधी केलेलं आठवणार कसं? मग हर्षू म्हणायची, आई, तू पुन्हा मीठ टाकलंस.

लिहायला माझ्याकडे दुसरा कॉम्प्युटर नव्हता. तो अमीनभाईंकडे. आग्रा रोडला त्यांचं दुकान आहे, पळत्या अक्षरांचे बोर्ड बनवतात. मिठाईवाल्यांच्या दारावर लाल दिव्यांत "आपले स्वागत आहे" पळतं ना, ते. ती अक्षरं चिपमध्ये भरावी लागतात, म्हणून त्यांच्याकडे चिप भरायचं यंत्र होतं. शुक्रवारी दुपारी अमीनभाई नमाजला जायचे आणि अर्धं शटर ओढून दुकान माझ्या ताब्यात द्यायचे. आठवड्यातला तो दीड तास माझा. हर्षूला मांडीवर घेऊन मी टाइप करायचे, तिच्या हातात जळके दिवे द्यायचे खेळायला.

पहिल्याच शुक्रवारी अमीनभाईंनी मला दोन चिपा दिल्या, जुन्या बोर्डांतून काढलेल्या. वरच्या बाजूला काचेची बारीक खिडकी, आत चांदीसारखं काहीतरी चमकणारं.

"ह्यात अजून कुणाचं तरी शुभमंगल भरलंय, भाभी," ते म्हणाले. "पुसावं लागेल. माझी पुसायची निळी ट्यूब फुटली. नवी यायला महिना."

"मग?"

"आपल्या धुळ्यात उन्हाला काय तोटा? आठ दिवस खिडकी वर करून गच्चीवर ठेवा. ऊन आत गेलं की चिप सगळं विसरते. भरून झाली की खिडकी झाका, नाहीतर तेही विसरेल."

"कशाने झाकू?"

"मी काळी पट्टी लावतो. तुमच्याकडे टिकल्या असतील की."

मूळ चिपची नक्कल काढून ठेवू म्हटलं तर त्यांचं यंत्र लहान चिपांचं. मूळ चिपचं अर्धंच त्याला वाचता आलं. अर्धी नक्कल घेऊन मी काय करणार होते? तरी ठेवली. मूळ चिपच्या खिडकीवर कंपनीचा चंदेरी कागद चिकटवलेला होता. ती चिप मी स्टीलच्या हळदी-कुंकवाच्या डबीत जपून ठेवली.

असं सुरू झालं. एक चिप कॉम्प्युटरमध्ये, कपाळावर लाल मखमली टिकली लावलेली. दुसरी गच्चीवर खाटेवर, बिबड्यांच्या शेजारी. आत्याबाईंना मी सांगितलं होतं, ज्याला टिकली नाही त्याला ऊन. त्यांनी ते मनावर घेतलं. ज्वारीचे बिबडे थापताना कोपऱ्यात चिपेसाठी बोटभर जागा सोडायच्या. कावळा आला की काठी आपटायच्या. शेजारच्या तानुबाईंनी विचारलं, हे कसलं औषध वाळवता, तर म्हणाल्या, "मन्ही सूनना कारखाना शे."

हर्षू त्या खिडकीला डोळा म्हणायची. "आई, याच्या डोळ्याला ऊन लागतंय," म्हणायची आणि सावली धरायला धावायची. तिला समजावावं लागलं की याला विसरायला लावायचंय. "का?" "म्हणजे नवीन शिकेल." यावर तिने धरलेली सावली काढून घेतली.

मी प्रोग्रॅममध्ये खुणा घातल्या. लिनक्स येईपर्यंत पडदा काही दाखवणार नव्हता, म्हणून आवाज. मेमरी उठली की एकदा वाजायचं, डिस्क दिसली की दुसऱ्यांदा, लिनक्सच्या हाती कारभार गेला की तिसऱ्यांदा. आणि मग ती दुपार, तो थेंब. पुढच्या शुक्रवारी दुसरी चिप भरली, ती एकदा वाजली. खरंच वाजली, फडकं ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तीच चिप वाजली नाही. संध्याकाळी वाजली. मी काहीही बदललं नव्हतं.

मला वाटायला लागलं की मी वेडी होईन. माझ्या लिहिण्यात चूक असती तर रोज तशीच चूक दिसली असती ना? की चिप उन्हात नीट पुसली गेली नव्हती, मागचं कुणाचं शुभमंगल अजून आत कुठेतरी उरलं होतं आणि मध्येच डोकं वर काढत होतं? की आमच्या देवपूर भागातली वीजच खालीवर होत होती? पंखा हळू फिरायला लागला की मी प्रोग्रॅमचा कागद उघडायचे, जोरात फिरायला लागला की मिटायचे. कशाला दोष द्यावा हेच ठरेना. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "गाडी पण गरम झाली की अशीच करते. थंड होऊ दे." ते चुकीचं नव्हतं. पण त्याचा उपयोग काय करायचा?

मेच्या मध्यावर जळगावला मावसबहिणीचं लग्न निघालं. आठ दिवस मी आणि हर्षू तिकडे. जाताना आत्याबाईंना म्हटलं, चिपांकडे लक्ष ठेवा. दोन्ही उन्हात ठेवा, परत आले की नव्याने भरीन. चिपांच्या टिकल्या मी काढून ठेवल्या.

परत आले त्या दिवशी आत्याबाई दारातच उभ्या. हातात हळदी-कुंकवाची डबी. पाय धुवायच्या आधी त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"देख वं, कश्या लख्ख व्हयन्यात."

डबीत तीन चिपा होत्या. तीन उघड्या खिडक्या. तिसरीवर चंदेरी कागद नव्हता, कडेला नुसता चिकटा राहिला होता.

"आत्याबाई, ही?"

"तेले टिकली नव्हती. वर कसाना तरी कागद व्हता, ऊन आत कसं जाई? नखघाई खरडी काढा." त्यांनी मला नख दाखवलं. काळं पडलं होतं. "आठ दिन राखण करी मी. ज्याले टिकली नही त्याले ऊन. तूच सांगेल व्हतं ना?"

मीच सांगितलं होतं. हर्षू माझ्या पदराला लोंबकळत होती, बॅग दारात, आणि माझ्या हातात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरची सगळी आठवण पुसून ठेवलेली. मी म्हटलं, "बरं केलंत." मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. त्या मागोमाग आल्या. त्यांना कळलं होतं.

"मन्हीच चूक व्हयनी का?"

"नाही. माझी."

"रडू नको. मी बिबडे इकीसन नवी आनसू." बिबडे विकून नवीन आणतील म्हणे. अशी चिप बाजारात मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात, चहाच्या आधी, मी ती मूळ चिप बसवून बघितली. कशासाठी, माहीत नाही. ती वाजली. पडदाही लागला. पांढऱ्या ओळी उमटल्या, एका ओळीत मेमरी मोजली गेली, शेवटी डिस्क सापडत नाही म्हणून थांबली, अगदी पूर्वीसारखी. मी आत्याबाईंना हाक मारली, त्यांनी पडद्यालाच हात जोडले. अकरा वाजता पुन्हा चालू केलं तर काळा पडदा. संध्याकाळी पुन्हा काळा. दुसऱ्या पहाटे पुन्हा ओळी.

अमीनभाईंना विचारलं. ते बोर्डाला सोल्डरिंगचा डाग देत होते. मान वर न करता म्हणाले, "अर्धी पुसली गेली. गारव्यात आठवतं, गरमीत विसरते. माझे आब्बा असेच होते शेवटी."

"मग आता ती काय समजायची? चांगली की गेलेली?"

"मी काय सांगू, भाभी? आज आहे. उद्याचं उद्या."

त्यांनी खण उघडला आणि प्लास्टिकच्या नळीतून एक कोरी चिप काढली. उरुसाच्या बोर्डासाठी आणली होती. "ही पहिल्यांदाच बोलणार आहे. हिच्यात कुणाचं शुभमंगल नाही. आता वाजली नाही तर ऊन नाही, वीज नाही, तुमचंच काहीतरी चुकलंय असं समजा."

"आणि उरूस?"

"उरुसाला वेळ आहे. तुमची शाळा आधी."

दोन शुक्रवार मी ती भरलीच नाही. कागदावरच बघत राहिले. घरच्या दुपारी हर्षू झोपली की दीडशे पानं काढायची, पेन्सिलने एकेका ओळीला खूण करायची. एक चूक सापडली, मग ती चूक नव्हतीच असं वाटलं, मग पुन्हा ती चूकच आहे असं वाटलं. कॉम्प्युटरच्या मेमरीच्या चार पट्ट्या, मी त्यांना उलट्या क्रमाने हाक मारत होते का? आत्याबाई कडेला बसून लसूण सोलायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "पोथी वाचस तशी वाचस वं तू. पोथी तरी समजस."

अकरा जूनच्या शुक्रवारी अमीनभाई नमाजला गेले आणि मी पट्ट्यांचा क्रम बदलून चिप भरली. अमीनभाईंच्या कॉम्प्युटरला जोडून डिस्कवर लिनक्स टाकून ठेवलं होतंच, त्याच्यासोबत मुलींसाठी एक छोटासा खेळही. दोन आकडे टाइप करायचे, तो गुणाकार करून तितक्या वेळा वाजणार. पाढ्यांसाठी. हर्षूने स्वतःच्या कपाळावरची हिरवी टिकली काढून चिपेला लावली. घरी आलो तर वीज नाही, ती रात्रभर आली नाही.

शनिवारी दुपारी बारा वाजता, वीज येऊन दहा मिनिटं झाली असतील, दारात रिक्षा थांबली आणि कॉम्प्युटर न्यायला आलेल्या लताबाई उतरल्या. बारा वर्षांत बाई तशाच. फक्त केस पांढरे.

"काय ग, जेवायला या म्हणायच्या आधी सांग. उठला का तो?"

मी त्यांना खरं सांगितलं. सगळं. चंदेरी कागदापासून नमाजापर्यंत. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभ्या होत्या. बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्ही राखण केली आठ दिवस?"

"हां."

"आमच्या शाळेच्या शिपायाला पाठवते तुमच्याकडे. शिकवा जरा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता लाव तुझी नवी."

मी फुलपात्र काढून फडकं ठेवलं. बाईंनी विचारलं, हे काय, तर म्हटलं, नंतर सांगते. बटण दाबलं.

टुं.

आत्याबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डिस्क गुरगुरली. टुं. मग बराच वेळ काही नाही. मी मनात मोजत होते, आणि किती मोजलं ते विसरत होते. टुं.

तीन. पुन्हा बंद करून चालू केलं. तीन. भर दुपारी, बाराच्या उन्हात, तीन.

पण पडदा काळा. दिवा लागलेला, आणि काच काळी. मी वाट बघितली. तार काढून बसवली. लिनक्सने आता पडद्यावर ओळी सोडायला पाहिजे होत्या. मला वाटत होतं लिनक्स आला की पडदा तोच उठवेल. का उठवला नाही? त्या पानांत कुठेतरी होतं की पडद्याच्या कार्डाची स्वतःची वेगळी चिप असते आणि तिलाही आधी कुणीतरी हाक मारावी लागते. जुनी चिप ती हाक मारायची. मी वाचलं होतं का ते? की आत्ताच सुचत होतं?

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"जागा आहे. पण दिसत नाही."

"कुणाला? आपल्याला की त्याला?"

"मला नाही सांगता येत, बाई."

"जागा आहे कशावरून?"

मी कीबोर्ड पुढे ओढला. अंधारात भाकरी थापावी तसं, काही न दिसता, खेळाचं नाव टाइप केलं. "एक पाढा सांगा."

"सात त्रिक."

सात दाबलं, तीन दाबलं, एंटर. तो वाजायला लागला. टुं, टुं, टुं. हर्षू बोटांवर मोजत होती, आत्याबाई ओठांत "यक, दोन, तीन" करत होत्या, बाई डोळे मिटून. थांबला तेव्हा हर्षू म्हणाली दहा, कारण बोटं संपली होती. आत्याबाई म्हणाल्या, "इस." बाईंनी डोळे उघडले.

"एकवीस," त्या म्हणाल्या. "वीस नाही, आजी. मध्ये एकदा तुम्ही सुनेकडे बघितलंत." मग म्हणाल्या, "आठ साते." तो छप्पन्न वेळा वाजला आणि आम्ही सगळ्या छप्पन्न वेळा गप्प बसलो.

पिठलं-भाकरी झाली. हात धुताना बाईंनी मला एकटीला विचारलं.

"सोमवारी अकराला समिती. मोतीलालशेठना पडदा लागलेला बघायचाय, त्यावर काय आलं हे त्यांना कळत नाही. ती जुनी चिप अकराला ओळी दाखवेल का?"

"खोलीत गारवा असला तर कदाचित. ओल्या चादरी लावल्या तर. पण ओळींच्या पुढे काही नाही. डिस्क तिला दिसतच नाही. आणि एखाद्या दिवशी ती कायमची जाईल."

"आणि तुझी?"

"काम सगळं करते. दाखवत काही नाही. पडद्याचं मी शोधते आहे, पण किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. जमेल का तेही."

बाई टॉवेलला हात पुसत राहिल्या. मला वाटलं त्या जुनी मागतील. मागितली असती तर मी दिली असती. खोली वाचली असती, निदान सोमवारपुरती.

"तू काय पाठवशील?"

मी विचार केलाच नाही, किंवा केला आणि मला कळलं नाही. मी म्हटलं, "नवी. त्या ओळींना मुली काय करतील?"

"पोती आली तर तुझ्या नावाने आली म्हणेन."

"म्हणा."

"बघू. मुलींना कान आहेत. मोतीलालशेठनाही आहेत, त्यांना मी एकोणतीसचा पाढा विचारते आधी." मग टॉवेल दोरीवर टाकून म्हणाल्या, "जमलं नाही तर जमलं नाही, प्रमिला. पण पडद्याचं शोध."

मी झाकण लावायला बसले. आत्याबाईंनी बाईंसाठी बिबड्यांची पिशवी बांधली आणि वर एक टिकल्यांचं पाकीट ठेवलं, न सांगता. विधवा झाल्यापासून त्यांनी टिकल्यांना हात लावलेला मी पाहिला नव्हता. रिक्षा यायला अवकाश होता. हर्षू झाकणाच्या फटीतून आत बघत होती. कॉम्प्युटर अजून चालूच होता, पडदा काळा, आत हिरवी टिकली लावलेली चिप.

"आई, तो जागा आहे ना?"

"हो."

"मग त्याला दिसत का नाही? मी त्याच्या डोळ्यावर टिकली लावली म्हणून?"

"नाही ग. तसं नसतं."

तिने बोट आत घातलं, चिपेला न लावता, नुसतं जवळ नेलं.

"टिकली काढली तर तो सगळं विसरेल. नाही काढली तर त्याला कधीच दिसणार नाही." तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मग त्याने काय करायचं, आई?"